सामोआची चटई, ईरम्माचं अंगण

मी एक चटई बोलतेय. म्हणजे सोलापुरात सगळे मला चटईच म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणायला शिकले. माझ्या देशात, दूर पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर, मला ‘इए तोंगा’ म्हणतात आणि माझ्यावर कुणी बसत नाही. मी बसायची वस्तू नाही, मी द्यायची वस्तू आहे. लग्न असो, मयत असो, गावाचा नवा प्रमुख नेमायचा असो, एका घरानं दुसऱ्या घराला मला द्यायचं, ही तिथली रीत.

तुमच्याकडे कोकणात केवडा असतो ना, त्याच्याच जातीच्या झाडाच्या पानांतून माझा जन्म झाला. सिना नावाच्या बाईनं ती पानं उकळली, समुद्राच्या पाण्यात भिजवली, उन्हात वाळवून फिकट केली आणि त्यांच्या दोऱ्याइतक्या बारीक पट्ट्या काढल्या. शेजारच्या बाया जमायच्या. तोंडानं गप्पा, हातानं विणणं. मला सुरुवात केली तेव्हा सिनाची मुलगी तिच्या पोटात होती. मी पुरी झाले तेव्हा तीच मुलगी माझ्या काठाची लाल पिसं ओढत होती. एवढं करून मी कापडासारखी मऊ झाले.

पुढं मी किती घरं फिरले! फिरत फिरत एकदा परत सिनाकडेच आले. तोवर ती म्हातारी झाली होती आणि आजारी होती. तिथल्या दवाखान्यात तिची सेवा केली सोलापूरच्या बुद्धप्रिया सिस्टरनी. सिस्टर नोकरी संपवून मायदेशी निघाल्या, तेव्हा सिनानं मला उघडून सगळ्यांसमोर मिरवलं आणि त्यांच्या हाती दिलं. सिस्टर रडल्या. मला वाटलं, चला, नवं घर मिळालं.

पण सोलापुरातल्या घरात सिस्टरच्या आईनं, नागूबाईंनी, मला उलटसुलट करून पाहिलं.

“आगं, एवढ्या लांबनं चटई आणलीस व्हय? चादरीच्या गावात?” असं म्हणून त्यांनी मला फरशीवर अंथरलं आणि माझ्यावर बसून मेथी निवडायला घेतली.

मी गोंधळून गेले. हा अपमान म्हणावा, तर नागूबाई बसल्या बसल्या मायेनं माझ्यावरून हात फिरवत होत्या. “लई गार लागती गं,” असंही म्हणाल्या. सिस्टर धावत आल्या. “आई, ऊठ! ती बसायची नाही.”

“बसायची न्हाय तर मग कशाची?”

सिस्टरनी मला झटकलं आणि घडी घालून कपाटात ठेवलं.

काही महिन्यांनी शहरातल्या एका छोट्या हस्तकला संग्रहालयानं सामोआवर प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि सिस्टरनी मला तिथं ठेवायला दिलं. मी काचेच्या पेटीत गेले. माझ्या एका बाजूला झाडाच्या सालीचं कापड होतं, दुसऱ्या बाजूला लाकडी वाडगा. येणारे लोक पेटीला नाक लावून बघायचे. कुणी म्हणे, “ह्यो गालिचा हाय.” कुणी म्हणे, “जुनं गोणपाट दिसतंय.” एक आजोबा बायकोला म्हणाले, “आपल्याकडची बरी होती की, उगंच टाकली.” आणि मग माझा फोटो काढून घेतला. ज्या गोष्टीला नावं ठेवायची तिचाच फोटो कशाला काढायचा, हे मला आजवर समजलेलं नाही.

मग एका रविवारी तिथं ‘सामोआ अनुभवा’ असा कार्यक्रम झाला. केवड्याची पानं सोलापुरात कुठून आणणार? पोरांनी शिंदीच्या पात्यांच्या टोपल्या विणल्या. नारळाच्या करवंटीतून सरबत प्यायले. हातवारे करत तिथला नाच नाचले. सिस्टरनी मला पेटीतून बाहेर काढलं आणि इफोंगाची रीत सांगितली.

“कुणाच्या हातून दुसऱ्या घरातला जीव गेला, तर तो माणूस पहाटे त्या घरासमोर जातो. अंगावर ही चटई पांघरून, मान खाली घालून गप्प बसतो. घरातल्यांनी येऊन चटई उचलली, की माफी. नाही उचलली, तर तो बसून राहतो. पुढचं त्यांच्या हातात.”

पोरं हसायला लागली. एक जण माझ्याखाली बसला, दुसऱ्यानं लगेच मला उचललं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कसंतरीच झालं. सामोआत एका खऱ्या सकाळी मी अशीच माफीला बसलेल्या एका कोळ्याच्या डोक्यावर होते. त्याचा थरकाप माझ्या विणीतून मला कळत होता.

कार्यक्रम संपला, लोक गेले, पण संग्रहालयात विजेची कामं करणारा इंद्रजीत तिथंच उभा राहिला. तो जरा लंगडत चालतो.

“सिस्टर, ही चटई मला एक दिवस द्याल का?”

“कशाला रे?”

त्यानं माझ्या काठाचं एक पीस सरळ केलं. मग म्हणाला, “शिवकुमार माझा दोस्त होता. मोहोळकडनं येताना गाडी मी चालवत होतो. आडवं कुत्रं आलं, गाडी घसरली. माझा पाय मोडला, मागं बसलेला तो गेला. त्याची आई ईरम्मा हितंच ऱ्हाती. तिची गल्ली आली की मी तोंड लपवून वळतो. काय बोलू तिला? ह्याच्यात बोलावं लागत न्हाय म्हणालात ना?”

सिस्टरनी मला घडी घालून पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही ईरम्माच्या अंगणात होतो. इंद्रजीत मातीत गुडघ्यांवर बसला आणि सिस्टरनी मला त्याच्या डोक्यावरून सोडलं. त्यानं मान खाली घातली, अगदी त्या कोळ्यासारखी. पण कोळ्याच्या वेळी समोरच्या घराला रीत ठाऊक होती. इथं कुणाला काय ठाऊक? मी घाबरले. मी इथं चालेन का? माझी भाषा इथं कुणाला येते?

ईरम्मा सडा घालायला बादली घेऊन बाहेर आली आणि दचकली.

“यार अदु? कोन हाय हितं?”

शेजारीपाजारी गोळा झाले. “चोर हाय का?” “नवस फेडतंय वाटतं कोणतरी.” “व्हिडिओ काढत्यात, दुसरं काय?”

सिस्टर पुढं झाल्या. त्यांनी हळू आवाजात ईरम्माला सगळं सांगितलं: कोण आहे, का बसलाय, तिनं उचललं तर काय आणि नाही उचललं तर काय. ईरम्मा ऐकत राहिली. मग बादली तिथंच ठेवून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

ऊन वर आलं. माझी पिसं तापली. इंद्रजीतचा घाम माझ्यात उतरू लागला. लोक कंटाळून आपापल्या कामाला गेले. सिस्टर भिंतीच्या सावलीत उभ्या राहिल्या. त्यांनाही आता काय करावं ते कळत नव्हतं. दार लावलं म्हणजे नाही म्हटलं का? की ती अजून विचार करतेय?

मग दार उघडलं. ईरम्मा आली. तिचे ओले हात माझ्या काठाला लागले. आता उचलणार!

तिनं मला उचललं नाही. काठ जरासा वर केला, वाकली आणि माझ्याखाली आत येऊन इंद्रजीतच्या शेजारी बसली.

इतक्या वर्षांत माझ्याखाली एकाच वेळी दोन डोकी कधीच नव्हती. काय करावं मला सुचेना. मी दोघांवर पुरायचा प्रयत्न केला.

“त्याला लई दुखलं का रे?” तिनं विचारलं.

“न्हाय, आव्वा.” आव्वा म्हणजे कानडीत आई. इंद्रजीतला बोलायचं नव्हतं, पण तो बोलला. “पानी मागितलं. मी सरकत सरकत जाऊन दिलं. प्याला. माझा हात धरला हुता.”

“प्याला?”

“व्हय.”

“घोटभर तरी?”

“बाटलीतलं सगळं प्याला, आव्वा.”

नंतर दोघंही रडले. कोण आधी रडलं, ते मला सांगता येणार नाही.

शेवटी ईरम्मा स्वतःच मला बाजूला सारून बाहेर आली, पदरानं तोंड पुसलं आणि इंद्रजीतला म्हणाली, “उठ. पाय अवघडला असंल तुजा. चहा पिऊन जा. आन पुन्ना येताना हे आनू नको. आत जीव गुदमरतोय. तू नुसता ये.”

आता मी पुन्हा काचेच्या पेटीत आहे. तिच्या ओल्या बोटांनी माझा एक कोपरा चुरगळला आहे. सिस्टरनी तो सरळ केलेला नाही आणि तसं करायचं त्यांच्या मनातही दिसत नाही.

मी मात्र अजून गोंधळलेलीच आहे. माझ्या देशात एक तर मला उचलतात, नाही तर उचलत नाहीत. ईरम्मानं यातलं काहीच केलं नाही. मग ती माफी होती का? तिनं तो शब्द काढलाच नाही. इंद्रजीतनंही मागितली नाही. माझं काम झालं, की माझी गरजच नव्हती?

प्रदर्शन संपलं की मी सिस्टरच्या घरी परत जाईन. तोवर तुम्ही इकडं आलात, तर कृपा करून मला गालिचा किंवा गोणपाट म्हणू नका. पेटीपाशी घटकाभर थांबा आणि तुम्हाला यातलं काही उमगलं असेल तर मला सांगा. इंद्रजीतला विचारण्यात अर्थ नाही. तो रविवारी दुपारी ईरम्माच्या गोळ्या घेऊन घाईघाईनं निघतो, आणि हल्ली तिच्या गल्लीत शिरताना मान खाली घालत नाही, असं सिस्टर सांगत होत्या.