डावीकडचा तिसरा खांब

देवळात जाताना तरी डोकं शांत ठेवा, असं बायकोने रंगाऱ्याला दारातच बजावलं होतं. ते गल्लीच्या तोंडापर्यंत टिकलं.

गल्लीत दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या, मधून एक टेम्पो मागे मागे येत होता, आणि रंगाऱ्याचा दंड धरून त्याची आई एकेक पाऊल चाचपत टाकत होती. "म्हातारी दिसत नाही का रे?" असं तो टेम्पोवाल्यावर खेकसला. टेम्पोवाल्याला दिसत होती. म्हातारीलाच टेम्पो दिसत नव्हता. तिची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून ती दुसऱ्या गावी मुलीकडे राहत होती. काल परत आली, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाली, "उद्या मला देवळात ने. ह्यांचा खांब बघायचाय."

हे म्हणजे रंगाऱ्याचे वडील. पाथरवट होते. चाळीस वर्षांपूर्वी या जुन्या देवळाचा एक खांब तडकला, तेव्हा त्याच्या जागी अगदी तसाच दुसरा घडवून बसवला तो त्यांनी. ते गेले त्यालाही आता पंधरा वर्षं झाली होती.

बघायचाय हा शब्द ऐकून बायकोने रंगाऱ्याकडे पाहिलं. रंगारी मात्र मनातून खूश झाला. गेल्या महिन्यात देवळाच्या कमिटीने सगळे खांब रंगवायचं ठरवलं, तेव्हा तो आधी कमिटीशी कडाकडा भांडला होता. दगडाला रंग फासायची अक्कल कुणाची, असं त्याने तोंडावर विचारलं होतं. पण ते ऐकेनात, तेव्हा म्हणाला की मग बापाच्या खांबाला दुसऱ्या कुणाचा ब्रश लागू देणार नाही. बाराच्या बारा खांब त्याने फुकट केले. डावीकडच्या तिसऱ्या, बापाच्या खांबावर तर जीव ओतला. आईला यातलं त्याने काही सांगितलं नव्हतं. तिच्या हातालाच कळू दे, असा त्याचा बेत होता.

देऊळ मोबाईलच्या दुकानाच्या आणि दातांच्या दवाखान्याच्या मध्ये अंग चोरून उभं होतं. दारातून आत शिरलं की पूर्वी सरळ मंडप लागायचा. आता रांगेसाठी स्टीलचे पाईप ठोकले होते, नागमोडी. आईचा गुडघा पहिल्याच वळणावर पाईपवर आपटला.

"हे कधी लावलं?" तिने विचारलं.

"अक्कल गहाण टाकली तेव्हा," रंगारी म्हणाला.

मंडपात कमिटीचा माणूस हातात भोंगा घेऊन उभा होता. गल्लीत त्याला सगळे पुढेचला म्हणत, कारण सकाळपासून दुपारपर्यंत तो दुसरं काही बोलत नसे. रंगाऱ्याने आईला रांगेतच खांबाच्या बाजूला वळवलं, तसा भोंगा त्याच्याकडे फिरला.

"अहो मिस्त्री, लाईन सोडू नका. पुढे चला."

"तिला खांबाला हात लावायचाय. दोन मिनिटं."

"दर्शन तिकडे आहे. खांबाचं काय दर्शन घ्यायचं?"

रंगाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फुकट रंगवून घेताना खांब कुठे आहे ते बरोबर माहीत होतं तुम्हाला," तो म्हणाला. पाईपखालून वाकून त्याने आईलाही वाकवलं, आणि तिचा हात धरून डावीकडच्या तिसऱ्या खांबावर ठेवला. मग बाजूला उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

आईने तळहात खांबावरून खाली नेला. कमरेपर्यंत आल्यावर ती थांबली, अंगठ्याने डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं, आणि पुन्हा वरून सुरुवात केली.

"हा नाही तो."

"हाच आहे आई. डावीकडचा तिसरा."

"मला शिकवू नकोस. आंधळी झालेय, खुळी नाही." तिचा आवाज चढला. "कमरेच्या उंचीवर खळगा आहे त्याला. माझा अंगठा बसेल एवढा. हा तर काचेसारखा आहे. ह्यांचा खांब काढून टाकला की काय या लोकांनी?"

रंगाऱ्याने कमरेच्या उंचीवरच्या रंगाकडे पाहिलं.

"कसला खळगा?" त्याने विचारलं, पण त्याला माहीत होतं.

"छिन्नी घसरली होती ह्यांची. टवका उडाला. मुकादमाला कळलं असतं तर हाकलूनच दिलं असतं. मग ह्यांनी ती जागा घासून घासून गुळगुळीत केली, माझ्या अंगठ्याच्या मापाने. इथे आलो की माझा अंगठा त्यात ठेवायचे. म्हणायचे, बाकीचा खांब देवाचा, एवढी चूक आपल्या दोघांची." तिने तळहात पुन्हा खांबावरून फिरवला. "तुम्हा पोरांना कशाला सांगायचं ते?"

तो खळगा रंगाऱ्याने महिन्यापूर्वी पाहिला होता. कुणीतरी नालायकाने चपलांचं कपाट सरकवताना बापाच्या खांबाला आपटलं, अशी त्याची खात्रीच होती. कमिटीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याने त्यात लांबीचा पांढरा लगदा भरला, सुकू दिला, पुन्हा भरला, असे तीन हात दिले. मग पॉलिश पेपरने घासून वरून रंग चढवला. इतकं मन लावून त्याने स्वतःच्या घराच्या भिंतीसुद्धा केल्या नव्हत्या.

त्याने खिशातून घराची किल्ली काढली आणि खांब खरवडायला सुरुवात केली.

"अहो, अहो, काय करताय?" पुढेचला भोंगा विसरून धावत आला. "देवळाचा खांब आहे तो."

"रंग माझा आहे, लांबी माझी आहे, आणि खांब माझ्या बापाचा आहे," रंगारी मान वर न करता म्हणाला. "देव काय तो तुमचा. त्याला घेऊन तुम्ही पुढे चला."

रांगेतून कुणीतरी हसलं, कुणीतरी चुकचुकलं. रंगाचा पापुद्रा सुटला, मग लांबीचा पांढरा भुगा आईच्या पायांवर पडू लागला. थोड्या वेळाने किल्लीच्या टोकाला दगड लागला. त्याने आईचा अंगठा धरून तिथे टेकवला.

अंगठा बसला. आईने तो खळग्यात एकदा गोल फिरवला. मग तिने विचारलं, "कुणी बुजवला होता?"

'कमिटीने' एवढा एक शब्द पुरला असता. तिने लगेच मानलं असतं, आणि वर चार शिव्याही घातल्या असत्या.

"मी."

आईने अंगठा काढला नाही. दुसऱ्या हाताने तिने खळग्याभोवतीचा गुळगुळीत रंग पुन्हा एकदा चाचपला.

"छान भरला होतास," ती म्हणाली. "बोटाला कळलंसुद्धा नाही."

हेच ऐकायला तो महिनाभर थांबला होता. त्याने किल्ली पुन्हा घट्ट धरली आणि तिच्या अंगठ्याच्या कडेने राहिलेली लांबी खरवडू लागला, स्वतःलाच ऐकू जातील अशा शिव्या स्वतःला देत.