लोंबत्या बोंडांचं झाड

डिसेंबरात इथं आखातात, एगैलाच्या आमच्या मॉलमधी नाताळासाठी फरचं झाड आलं. खरंखुरं, परदेशातनं, थंड कंटेनरातनं. चांगलं चौदा फूट. मी तिथं मेंटेनन्सला. सुपरवायझर अशरफ म्हणाला, "प्रभाकरभाई, ऊपर से गंजा दिखता है, कुछ लगाओ." शेंड्याला नुसत्या काड्या उभ्या होत्या, त्या मी मोडल्या. दुकानातनं सजावटीची, खवल्याखवल्यांची वाळकी बोंडं आणली आन तारेनं बांधली. तोरण बांधतो तशी, खाली लोंबती.

संध्याकाळी शेजारच्या मंगफचे सुशांत सायेब आले. तेल कंपनीतले इंजिनेर, पण तीस वर्षं नाद एकच, पानं रद्दीत दाबून वहीत चिकटवायची. मान वर करून उभेच राहिले.

"प्रभाकर, फरचं बोंड फांदीवर उभं असतं, समईच्या ज्योतीसारखं. जगातल्या सगळ्या फरचं. हे लोंबतंय."

"मग?"

"मग ही नवी जात. कुणी नोंदलेलीच नाही. नाव आमच्या हिचं, सुखदाचं देणार. परवा फोटो पाठवतो मोठ्या वनस्पतिबागेतल्या शास्त्रज्ञांना."

गप बसावं, तर शिकलेले लोक ह्या माणसाला हसणार. बोलावं, तर मीच त्यांचं तोंड पाडणार. माझं अपेंडिक्स काढलं तवा ह्याच माणसानं रोज डबा आणलेला.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊनच आले. "बघ, तुझं झाड."

मी शिडीवर चढलो, एक बोंड तारेसकट काढलं आन त्यांच्या हातात दिलं. "सायेब, तुमची नवी जात मीच लावलीय. काय हाणायचं ते हाणा."

सायेबांनी तार बोटानं चाचपली. सुखदावहिनी हसू दाबत म्हणाल्या, "बरं झालं बाई. तीस वर्षं गादीखाली पानं सोसली, वर माझं नाव कायमचं लोंबत राहिलं असतं."

सायेब काही हसले नाहीत. शेंड्याकडं बोट करून म्हणाले, "आधी काय होतं तिथं?"

"काड्या. नुसत्या उभ्या."

"कुठंयत?"

"टाकल्या. एक ठेवलीय, पाठ खाजवायला."

"अरे, तेच तर फरचं बोंड! ते अख्खं कधी पडत नाही. खवले झाडावरच गळतात, मधली काडी तेवढी उरते. मी आजवर चित्रातच बघितली."

मी पेटीतनं काडी काढून दिली, ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी. वहीत चिकटवून खाली लिहिलं, 'शोधली प्रभाकरने, एगैला.'

"पाठीचं पण लिहा," वहिनी म्हणाल्या. लिहिलं.

मला त्यांनी बदल्यात लाकडी उलथनं दिलंय. पाठीला चालतं. पण त्या काडीची सर नाही.