बिबड्यांचं ऊन

जळगावात राहून ऊन कमी पडतं, असं कोणी म्हणालं तर माणसं हसतीलच. भिकुबाईही हसली होती. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. रक्ताचा कागद पुढ्यात ठेवून त्या म्हणाल्या, "आजी, ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलंय. हाडांनाच नाही, मेंदूलाही ते लागतं. विसरणं एवढ्यानंच होतं असं मी म्हणणार नाही, पण आधी हे भरून काढू. गोळ्या घ्या आणि रोज अर्धा तास उन्हात बसा. कोवळं ऊन नको, दहा-अकराचं हवं. बाह्या वर करून बसायचं."

आता बोला! खान्देशात दहा वाजले की शहाणा माणूस दारं-खिडक्या लावून घेतो. भिकुबाईनंही तेच केलं होतं. नवरा गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये पडदे ओढून ती बसून असायची. जाणार कुठे आणि कोणाकडे? दूध दारात यायचं, भाजी दारात यायची, अन् दिवस आपोआप मावळायचा.

विसरायला लागली तेही हळूहळू. एकदा दूध उतू जाऊन ज्योत विझली, गॅस तसाच सुरू राहिला. वास आला म्हणून शेजारची दिपमाला धावली, आणि तिनं पुण्याला कुंदनला फोन लावला. तेव्हापासून लेकाचं एकच पालुपद. पुण्यात म्हाताऱ्यांची चांगली सोय आहे, नर्स असते, टीव्ही असतो. भिकुबाईला ती सोय नको होती. तिला तिच्या घरात राहायचं होतं, आणि लेकानं अधूनमधून यावं एवढंच हवं होतं.

म्हणून ती मुकाट्यानं गच्चीवर गेली. डोक्यावरचा पदर काढला, बाह्या दंडापर्यंत सारल्या आणि फाल्गुनातल्या उन्हात बसली. दोन दिवस कोणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी बघायला वॉचमन धनसिंग वर आला आणि दारातच थबकला.

"अक्का, ऊन लागी ना! खाले चाला."

"मी येडी नही शे, भाऊ. डॉक्टरनी सांगेल शे."

त्यानं मान डोलावली, आणि खाली जाऊन सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. संध्याकाळी कुंदनचा फोन आला.

"आई, भर उन्हात डोकं उघडं टाकून बसतेस?"

"डॉक्टरनी सांगेल शे रे."

"जळगावात ऊन कमी पडतं? काहीतरी भलतंच ऐकून आलीस तू. मी येत्या रविवारी येतो, मग ठरवू."

ठरवू म्हणजे काय, ते न कळायला ती कुक्कुलं बाळ नव्हती.

सकाळी तिला सुचलं. धुळ्याकडच्या तिच्या गावात फाल्गुन-चैत्रात बाया दिवस दिवस उन्हात असायच्या, आणि कोणाच्या बापाची हिंमत नव्हती वेडी म्हणायची! कारण समोर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत असायचे. बाईनं स्वतःसाठी उन्हात बसलं तर डोकं फिरलेलं, वाळवण राखत बसली तर गुणाची. तिनं ज्वारी भिजत घातली.

दोन दिवसांनी ती भरडून कण्यांचा घाटा शिजवला, घट्ट पेजेसारखा. घाटा हटायला, म्हणजे घोटायला, दोघी तरी लागतात, एक हटते आणि एक पातेलं धरते. हिनं पातेलं पायांत धरलं. गच्चीवर ओलं धोतर अंथरून एकटीनं बिबडे थापले आणि कावळे हाकत बाजूला बसली, बाह्या वर करून. गावाकडे अशा वेळी सात-आठ जणींची तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची. इथे तिच्याशी कोणी बोलायला नव्हतं.

दिपमाला कपडे वाळत घालायला आली. "अगंबाई, बिबडे! काकू, अजून सगळं जमतं तुम्हाला?" कौतुकानं तिनं फोटो काढला आणि खाली निघून गेली.

रविवारसाठी भिकुबाईनं पुन्हा ज्वारी भिजवली. कुंदनला लहानपणी गरम घाट्यावर कच्चं तेल लागायचं. तेलाबरोबर तीळही लागायचे, हे तिला विचार न करताच आठवलं. त्या आनंदात तिनं ताट-वाटी घासून ठेवली.

शनिवारी फोन आला.

"आई, दिपमालाताईंनी फोटो पाठवला. मस्त! एवढं करतेस म्हणजे तू ठणठणीत आहेस. मी उगाच घाबरलो. पुण्याचं राहू दे आता."

"बरं."

"मग उद्याचं रद्दच करतो, इकडे कामं आहेत. दिवाळीला बघू."

"घाटा कराना व्हता," ती म्हणाली. पण फोन ठेवला गेला होता.

घर राहिलं होतं. जे मागितलं होतं ते मिळालं होतं. वेडी ठरले असते तर लेक उद्या दारात असता, हे तिच्या मनात आलं, आणि मग ती फार रडली.

रविवारी तिनं घाटा केला. एक वाटी तेल-तीळ घालून झाकून ठेवली, बाकीच्याचे बिबडे गच्चीवर थापले. अकरा वाजले, साडेअकरा वाजून गेले. अर्धा तास केव्हाच झाला होता. खाली चला म्हणायला आज धनसिंगही आला नाही. वाळवण राखणाऱ्या बाईला कोण उठवतं? ती बसून राहिली.