तक्रार कक्षाबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. तिघांना ऐसपैस आणि चौघांना दाटीवाटीने पुरेल एवढा. एका मोठ्या सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, तक्रार कक्षाच्या दाराशेजारी माझे बस्तान आहे.

माझा जन्म सरकारी सुतारखान्यात झाला. एक जुनी इमारत पाडली, तिच्या दारांच्या फळ्या तिथे आल्या, आणि त्यातून मी झालो. सुतार तोंडाने फटकळ, पण हाताने हळुवार. रंधा मारताना सारखा पुटपुटायचा, "कुणाचा कपडा अडकला, तर शिव्या मलाच पडतील." म्हणून त्याने माझा कोपरान् कोपरा घासून गुळगुळीत केला. पहिली काही वर्षे मी मोठ्या साहेबांच्या दालनाबाहेर मिरवलो. येणारा-जाणारा पाठीवर थाप मारून "दणकट आहे हो!" म्हणायचा. मग तिथे गादीच्या खुर्च्या आल्या आणि माझी वरात वरच्या मजल्यावरच्या बोळात निघाली.

आरंभी मी रुसलो होतो. पुढे कळले की, खरी माणसे इथेच भेटतात.

सरकारी नोकरीत कुणाला बाई म्हणून, वय झाले म्हणून, पाय अधू आहे म्हणून किंवा अमक्या घरात जन्मला म्हणून डावलले, तर त्याने या कक्षात येऊन सांगायचे असते. यालाच भेदभावाची तक्रार म्हणतात. पण तिला मुदत आहे. अन्याय झाल्यापासून, किंवा तो कळल्यापासून, पंचेचाळीस दिवसांच्या आत यायचे. तसा फलकही भिंतीवर आहे, पण त्याच्यापुढे कुणीतरी कपाट आणून ठेवले आहे. कक्षाचे दार फुगले आहे, ते कधीच नीट लागत नाही. त्यामुळे आतले बोलणे मला ऐकू येते.

एकदा एक मीटरवाले काका आले. घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे त्यांचे काम. अपघातात पाय अधू झाला, तर साहेबांनी त्यांना कोठारात बसवले आणि वरच्या जागेसाठी त्यांचे नावच पाठवले नाही. काका चालू शकत होते. दोन जिने चढून ते माझ्यापर्यंत आलेच होते की! पण आत चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "काका, मुदत केव्हाच टळली. इतके दिवस कुठे होतात?"

"साहेब म्हणाले होते, मी बघतो. म्हणून थांबलो."

"त्यांच्या बघण्यानं मुदत थांबत नाही हो."

काका बाहेर येऊन माझ्यावर बसले. रडले नाहीत, चिडले नाहीत. नुसता गुडघा चोळत राहिले. थोड्या वेळाने कठडा धरून एकेक पायरी उतरून गेले. त्यांची बाजू खरी होती की नाही, हे आत कुणी विचारलेच नाही. तिथवर गोष्ट पोचलीच नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी दोन जावा आल्या. धाकटी सरकारी पंपगृहात पंप चालवायची. अंगात कामाचा निळा कोट, नखांत ग्रीस. थोरली तिला जवळजवळ ओढतच घेऊन आली होती.

"जाऊबाई, राहू दे ना," पंपवाली म्हणाली. "साहेब म्हणालेत, पुढच्या वेळी तुझंच नाव."

"पुढची वेळ कुणी बघितलीय? अगं, सरळ तोंडाला पानं पुसलीत तुझ्या, आणि तू त्यांचीच बाजू घेतेस!"

दोघींच्या बोलण्यातून मला सगळे उमगले. पंपगृहात पाळीप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. पंपवालीचा हात सगळ्यांत अनुभवी. पण मुलाखतीत साहेबांनी तिला विचारले, "पाइप फुटला तर अवेळी पोरांना सोडून येणार का तू?" ती "येईन" म्हणाली, तरी जागा गेली लंबूला. हा लंबू उंचीने ताडमाड, पण नोकरीत तिच्याहून नवा. पंपाचे काम त्याला तिनेच शिकवले होते.

दोघी आत गेल्या. बाईंनी कागद बघितला आणि मान हलवली. "बढतीचा हुकूम निघाल्याला पंचेचाळीस दिवस होऊन गेले."

माझ्या डोळ्यांपुढे काका उभे राहिले. मी बाक. मी काय करणार?

"पण मला कळलंच कुठे होतं?" पंपवालीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "साहेबांनी हुकूम स्वतःजवळच ठेवला. पुढच्या महिन्यात पाळी बदलताना सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा कळलं."

बाईंनी चष्मा काढला. "असं असेल तर कळल्यापासून मोजता येईल. तक्रार मी आजच घेते, तारीख आजचीच पडेल. पण मुदतीत धरायची की नाही, ते तक्रार अधिकारी शुक्रवारी ठरवतील. साहेबांनी हुकूम सांगितला त्या दिवशी पंपगृहात हजर असलेलं कुणीतरी घेऊन या. नुसत्या तुमच्या शब्दावर भागणार नाही."

बाहेर आल्यावर पंपवाली माझ्यावर टेकली. "कोण येईल, जाऊबाई? पाण्यात राहून माशाशी वैर कोण करेल?"

"विचारून तर बघ."

शुक्रवारी ती एकटीच आली. पण माझ्यावर आधीच कुणीतरी बसले होते. गुडघे पार छातीशी आलेला एक लांबलचक माणूस. तिला बघून तो ताडकन उठला.

"लंबू? तू इथे कसा?"

"ताई, साक्षीला याल का म्हणून तुम्ही आपल्या पाळीतल्या दोघांना विचारलंत. मला का नाही विचारलंत?"

"त्यातला एक म्हणाला, माझं नाव नको. दुसऱ्याला काही आठवेना. आणि तुला काय विचारू? ज्या फांदीवर बसलायस तीच तोड म्हणून सांगू?"

तो परत बसला. ती पण बसली, जरा अंतर ठेवून.  मग लंबू म्हणाला, "बायकोनं कालपासून अबोला धरलाय. म्हणते, हातात आलेलं कुणी असं सोडतं का?"

"बरोबर बोलतेय ती. जा घरी. मी राग धरणार नाही."

"तुम्ही नाही धरणार हो. पण रोज त्या पंपापाशी तुमच्या शेजारी उभं कुणी राहायचं? मलाच ना?"

 आतून बोलावणे आले, तेव्हा लंबू आधी उठला. फुगलेल्या दारातून वाकून आत गेला.

अधिकाऱ्यांनी त्याला निवड कधी जाहीर झाली ते विचारले. त्याने पाळी बदलण्याचा तो दिवस सांगितला. "त्याआधी मलासुद्धा ठाऊक नव्हतं, साहेब."

"यावरून चौकशी लागली, तर तुमची बढती जाऊ शकते. कळतंय ना?"

"कळतंय."

"तरी सांगताय?"

"तुम्ही तारीख विचारलीत, मी खरी तारीख सांगितली. आणि विचारताच आहात तर आणखी एक सांगतो. मलाही दोन लहान पोरं आहेत. मुलाखतीत मला त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही."

 मग कागदावर शिक्का उमटल्याचा आवाज आला. तक्रार मुदतीत धरली गेली होती.

मित्रांनो, शिक्का उमटला म्हणजे न्याय मिळाला असे नव्हे. त्याने फक्त दार उघडते. चौकशी कित्येक महिने रखडली. पंपवालीला नको त्या पाळ्या लावल्या गेल्या. दोनदा तर ती माझ्यावर बसून म्हणाली, "कुठून या भानगडीत पडले!" पण माघार घेतली नाही. अखेर जुनी निवड रद्द झाली, दुसऱ्या अधिकाऱ्यांनी नव्याने मुलाखती घेतल्या, आणि त्यात ती पाळीप्रमुख झाली. लंबू आपल्या जुन्या जागी परतला. त्याला वाईट वाटले का? वाटलेच असणार. तो काही संत नव्हता. निकालाच्या दिवशी बोळात उभा राहून तो तिला एवढेच म्हणाला, "ताई, आता माझी पाळी तरी नीट लावा." ती हसली आणि हसता हसताच तिने कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

आता मी म्हातारा झालो आहे. माझा एक पाय डुगडुगतो, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे. पाठीवर कुणी चावीने नावे कोरली आहेत. कोरू नका रे बाबांनो, लाकूड असलो तरी लागते. एखादा खिळा ठोकलात तर अजून पुष्कळ वर्षे भार पेलीन.

मागच्याच आठवड्यात पाळीप्रमुख ताई पुन्हा आल्या. बरोबर त्यांच्याच खात्यातली एक तरुण मुलगी होती. तिच्या बाबतीत आदल्याच दिवशी काही घडले होते. मुलगी मला बघून थबकली. "ताई, जरा बसूया का? विचार करते थोडा."

"विचार आत गेल्यावर कर," ताई म्हणाल्या आणि तिचा हात धरून माझ्यासमोरून सरळ आत निघून गेल्या.

त्या दिवशी माझ्यावर कुणीच बसले नाही. मला त्याचे मुळीच वाईट वाटले नाही.

तुम्ही मोठे व्हाल, नोकऱ्या कराल. देव करो आणि असल्या बोळात यायची वेळ तुमच्यावर कधी न येवो. पण आलीच, तर "बघू, करू, साहेब म्हणालेत" असे म्हणत घरी बसू नका. लगेच या. जिने चढून दम लागला असेल, तर माझ्यावर टेका, घोटभर पाणी प्या. आणि मग उठा.