पिल्लं जेवेनात

रघुवीरांनी पाळलेल्या कॉर्न स्नेकची अंडी फुटली, तेव्हा ते स्वतः जाऊन महिना झाला होता. वैजयंतीला सापांची किळस यायची, पण नवऱ्याची ही शेवटची हौस दुसऱ्या कुणाला देऊन टाकणं तिला जमेना. इंग्लंडमध्येच वाढलेली मुलगी सिया मँचेस्टरहून वॉटफर्डला आईकडे आली. दोघींनी मिळून प्रत्येक पिल्लू वेगळ्या डब्यात, ओल्या टिश्यूवर ठेवलं.

पहिली कात टाकली की पिल्लांना भूक लागते, असं रघुवीर सांगायचे. काती पडल्या. वैजयंतीने फ्रीझरमधली उंदराची इवली पिल्लं कोमट पाण्यात मऊ केली आणि चिमट्याने एकेकासमोर धरली. कुणीच तोंड लावलं नाही. पुढच्या आठवड्यातही तेच झालं. पिल्लं सुतळीसारखी बारीक दिसू लागली.

"आई, हे सगळे मरणार," सिया रडवेली झाली.

रविवारी दुपारी वैजयंतीने पुन्हा चिमटा पुढे केला. तेवढ्यात शेजारच्या डब्याच्या झाकणावर टक, टक झालं. सगळ्या पिल्लांनी एकदम माना वर केल्या आणि ती वैजयंतीच्या खांद्यामागे बघू लागली. समोरच्या पिल्लाने झडप घालून उंदीर धरला.

"तू टॅप केली?" सियाने विचारलं.

"नाही गं."

"बाबा असाच करायचे. यांच्या आईला जेवण द्यायच्या आधी."

वैजयंतीने मागे वळून पाहिलं नाही. पुढचा डबा उघडून ती थांबली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हेही उपाशी आहे."

टक, टक झालं. पिल्लाने तोंड उघडलं.