भाद्रपदातला हिरवा चुडा

भाद्रपदाचे ऊन पडले होते. धुतलेले, निवळलेले, सोनसळी ऊन. कृष्णेच्या पाण्यावरून उठून ते घाटाच्या पायऱ्या चढे, देवळाच्या कळसाला शिवे, आणि मग सावकाश, पाहुण्याच्या पावलांनी, सांगलीच्या त्या जुन्या कासार गल्लीत उतरे.

उतरे, म्हणजे पूर्वी उतरे. आता गल्लीच्या पूर्वेला उंच इमारत उभी राहिली आहे आणि ऊन तिच्यामागे अडून बसते. मग पश्चिमेच्या नव्या दुकानांच्या काचांवर ते आपटते आणि उलट्या अंगाने गल्लीत शिरते. सकाळच्या प्रहरी मावळतीकडून ऊन! त्रिंबक अंदुरे, या गल्लीतले शेवटचे कासार, रोज त्या उन्हाकडे पाहतात आणि रोज क्षणभर गोंधळतात. उदबत्ती कोणत्या दिशेला ओवाळावी, हेच त्यांना कळेनासे होते.

गल्ली बदलली. हळूहळू नव्हे, बघता बघता बदलली. अत्तराच्या दुकानात व्यायामशाळा आली. जिथे केवडा दरवळे, तिथे आता घाम दरवळतो. तांब्यापितळेच्या दुकानात मोबाइलची कव्हरे लटकली. समोरचा बेलवलकरांचा छापखाना पाडून तिथे मोटारी लावायची जागा केली. खुद्द त्रिंबकमामांच्या दुकानाचा शिसवी ओटा गेला आणि त्याच्या जागी काचेचे दार आले. दारावर ‘ढकला’ असे लिहिले आहे. बायका ओढतात. सवयीने मामाही ओढतात.

आणि कोपऱ्यावरचा तो काळा फळा गेला.

काळाकुळकुळीत, चुन्याच्या चौकटीतला फळा. कुणाकडे बारसे, कुणाकडे दहावा, कुणाच्या घरचा माणूस पहाटे गेला, सारे त्यावर खडूच्या शुभ्र अक्षरांत उमटायचे. सगळी गल्ली दूध आणायला जाताना तो वाचायची. भिंत पाडली तेव्हा फळाही विटांबरोबर ट्रॅक्टरमध्ये पडला. आता वार्ता फोनवरून फिरतात, आणि मामांच्या फोनवर पुण्याच्या मुलाखेरीज कुणाचा आवाज येत नाही.

म्हणूनच चैत्रातली एक वार्ता त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

शशिकांत बेलवलकर गेले होते. छापखान्याचे शशिकांत, गल्लीतल्या एकूण एक लग्नांच्या पत्रिका ज्यांच्या हातून छापून निघाल्या, ते शशिकांत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या फ्लॅटमध्ये, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. जुन्या गल्लीकरांच्या फोनवर ती बातमी आली, तिच्याखाली जोडलेल्या हातांची चित्रे आली, आणि दिवस मावळेपर्यंत ती वर वर सरकत दिसेनाशी झाली. मामांना कुणी सांगितले नाही. प्रत्येकाला वाटले, मामांना ठाऊक असेलच.

आज त्या भाद्रपदी उन्हात, उलट्या उन्हात, शशिकांतांची पत्नी वसुधा दुकानाच्या दारात उभी राहिली.

तिने दार ओढले, मग ढकलले. अंगावर अबोली रंगाची सुती साडी. कपाळावर बारीक टिकली. गळ्यात सोन्याची साखळी, मनगटावर झिजलेली एकच सोन्याची बांगडी. पूर्वी कपाळ बोलायचे, गळा बोलायचा; बाई उंबऱ्यात आली की तिची सारी कहाणी मामांना वाचता यायची. आता सगळ्याच जणी टिकली लावतात, नाहीतर कुणीच लावत नाहीत. मामांना त्यात वावगे काही वाटत नाही. फक्त वाचता येत नाही.

“या, या सूनबाई!” मामा उठूनच उभे राहिले. गल्लीच्या साऱ्या सुनांना ते सूनबाई म्हणत. “किती दिसांनी! वाट विसरलासा जणू.”

“विसरले नाही मामा, वाटच सापडेना. पिंपळापाशी वळायचं म्हणून चालत राहिले, तर पिंपळच नाही.” ती कशीबशी हसली. “उद्या केतकीचं डोहाळजेवण आहे. तिला हिरवा चुडा हवाय, तुमच्याकडचाच. हात माझ्यासारखाच आहे तिचा.”

आणि तिने मापासाठी हात पुढे केला.

माप देणारा हात आणि भरून घेणारा हात, दोन्ही दिसायला सारखेच असतात. त्यातून गल्लीची एक जुनी रीत होती. लेकीच्या डोहाळजेवणाला आईचा हात रिकामा ठेवायचा नाही. आधी आईचा हात भरायचा, मग लेकीचा चुडा बांधून द्यायचा. मामांनी ती रीत कधी मोडली नव्हती. त्यांनी वसुधाचा हात हातात घेतला आणि मागे वळून दोरीत ओवलेली हिरव्या बांगड्यांची माळ सोडली.

वसुधा दचकली. तिने हात मागे घ्यायला हवा होता. घेतला नाही.

मामांना ठाऊक आहे, असेच तिने धरले होते. गल्लीतले काय मामांना ठाऊक नसते? ठाऊक असूनही ते भरताहेत. म्हणजे भरले तर चालते. म्हणजे मी उगीच. तिच्या मनात एकामागून एक असे काहीतरी हलत गेले, आणि त्यातले एकही वाक्य पुरे झाले नाही. तिला फक्त बरे वाटले. इतके बरे वाटले, की त्याचीच लाज वाटली.

घरात ठरून गेले होते, केतकीची ओटी जाऊबाई भरतील. कुणी वाकडा शब्द काढला नव्हता. “तू नुसती बसून राहा, दमशील,” एवढेच सगळ्यांनी म्हटले होते, आणि इतक्या मायेने म्हटले होते की भांडायलाही जागा उरली नव्हती. बसून राहायचे. लेकीची पहिली ओटी, आणि आईने कोपऱ्यात बसून राहायचे. रीत म्हणून तिनेही मान हलवली होती, आणि मग चुडा आणण्याचे निमित्त काढून ती घराबाहेर पडली होती.

मामा बांगड्या भरू लागले.

भरणे कसले, आर्जव ते! आधी तळवा हलके चेपला. अंगठा आत दुमडला. अंगठ्याखालचा उंचवटा बोटांनी मऊ मऊ केला. मग पहिली बांगडी बोटांवरून सरकली, सांध्यांपाशी अडली, थबकली, आणि अलगद मनगटावर उतरली. हिरवी. तिच्यामागे दुसरी, हिरवी. काचेतून ऊन गेले आणि वसुधाच्या कातडीवर पाण्याची रेघ उमटावी तशी हिरवी रेघ थरथरली.

हिरवी काच, हिरवी किणकिण, हिरवी सावली. रिकाम्या मनगटावर हळूहळू वर चढत जाणारे हिरवेपण.

चैत्रापासून वसुधाचा हात कुणी असा हातात धरला नव्हता. भेटायला आलेल्यांनी खांद्यावर थोपटले होते, पाठीवरून हात फिरवला होता. हात मात्र कुणी धरला नव्हता. धरलेल्या हाताची ऊब कशी असते हे हात विसरला होता, आणि आता एकदम आठवून तो मामांच्या तळव्यात जड होऊन पडला. ती खाली मान घालून बसून राहिली. डोळ्यांत पाणी होते की समोरच्या काचेची तिरीप होती, तिलाही सांगता आले नसते.

एक हात झाला. मामांनी दुसरा घेतला. मामा आपल्याच नादात होते, आनंदात होते. किती दिवसांनी गल्लीतला हात हाताशी आला होता! नव्या इमारतीतल्या मुली येत, बांगड्यांचा पुडा उचलत, स्वतःच्याच हातात सरकवून बघत आणि जात. हात पुढे करावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

“शशीला म्हणावं,” दुसऱ्या हातातली शेवटची बांगडी उतरवत मामा म्हणाले, “एकदा चक्कर टाक की म्हातारा असेपर्यंत. छापखाना गेला म्हणून गल्ली वर्ज्य केली व्हय त्यानं?”

बाहेर एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. व्यायामशाळेतले गाणे ठणठणत राहिले.

वसुधाने मान वर केली. मामांच्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिले, आणि तिला कळले. यांना ठाऊक नाही. यांना काहीच ठाऊक नव्हते.

“मामा,” ती म्हणाली, “ते गेले. चैत्रात गेले.”

मामांच्या हातातून हात सुटला नाही. पण हातांना काय करावे ते कळेना. समोर दोन मनगटे हिरवीगार भरलेली होती आणि ती त्यांनी स्वतः भरली होती. शशी गेला. काल-परवापर्यंत शाईने माखलेल्या बोटांनी चहाचा पेला धरणारा शशी गेला. आणि आपण त्याच्या बायकोला आज, इतक्या महिन्यांनी, सवाष्णीचा चुडा भरून बसलो. दुःख आधी करावे की क्षमा आधी मागावी? मामांच्या तोंडून नुसते “अरे देवा, अरे देवा” एवढेच निघाले.

“मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.” वसुधाचा आवाज काचेइतका पातळ झाला. “मला वाटलं, माहीत असून भरताय. म्हणून बोलले नाही. चुकलंच माझं. काढून द्या मामा, काढून द्या तुम्हीच. घरी असं कसं जाऊ? आणि काढल्या तरी...” भरलेले दोन्ही हात तिने ओटीत ठेवले, कुणा दुसरीचे असल्यासारखे.

काढून द्या! मामांनी उभ्या आयुष्यात आपण भरलेली बांगडी आपल्या हाताने उतरवली नव्हती. ते काम नदीच्या घाटावर व्हायचे, बायकाच करायच्या, आणि त्या दिवशी कासाराने घाटाकडे पाहायचे नसते. आईने लहानपणीच बजावले होते. आईने अजूनही पुष्कळ काही बजावले होते. पण असे चुकून भरले गेले तर काय करायचे, हे तिने सांगितले नव्हते. तिला तरी कुठे सुचले असते? तिच्या काळी फळा होता.

योग्य काय, अयोग्य काय? डोळ्यांपुढे धुके दाटल्यासारखे झाले. उतरवल्या तर आपल्या हाताने ही बाई दुसऱ्यांदा ओकीबोकी होणार. ठेवल्या तर लोक बोलणार, आणि ते हिला एकटीला ऐकावे लागणार. मामांना काही ठरवता येईना. इतके वय झाले, आणि काही ठरवता येईना याचे त्यांना रडूच आले. चष्मा काढून ते उगीच धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.

वसुधा उठू लागली. उठता उठता हात आपसूक किणकिणले, आणि त्या आवाजाने ती जागच्या जागी थांबली. एवढ्याशा आवाजाने तिचा सारा चेहरा उजळला आणि लगेच, चोरी पकडली गेल्यासारखा, विझला.

मामांनी तो चेहरा पाहिला.

“बस,” ते म्हणाले. आजवर ते तिला कधी एकेरीत बोलले नव्हते.

बांगड्या भरून झाल्या की कासार आपल्याकडून एक बांगडी वर घालतो. ती विकत नसते, ती आशीर्वादाची असते. मामा मागे वळले. माळेमागून माळ त्यांनी हाताने चाचपली, उन्हात धरून पाहिली, खाली ठेवली, आणि शेवटी एक बांगडी निवडली. गर्द, तळ्याच्या तळासारखी हिरवी. वसुधाचा उजवा हात त्यांनी पुन्हा हातात घेतला. अंगठा दुमडला. आधीच्या साऱ्या बांगड्या नकळत गेल्या होत्या. ही जाणून चालली होती. सांध्यांपाशी ती अडली. खूप वेळ अडली. वसुधाने श्वास रोखला, मामांनीही रोखला.

मग ती उतरली.

रीतीप्रमाणे वसुधा वाकली आणि तिने नमस्कार केला. मामांच्या ओठांवर रोजचा आशीर्वाद आला आणि तिथेच अडकला. तो या घडीला देता येत नव्हता, आणि दुसरा त्यांना येत नव्हता. त्यांनी तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

“केतकीची ओटी तू भर, पोरी,” ते म्हणाले. “याच हातांनी भर.”

मग त्यांनी केतकीचा चुडा कागदात बांधून दिला. तो पदराखाली धरून ती बाहेर पडली. गल्लीत मोटारी होत्या, धूळ होती, गाणे ठणठणत होते. ती कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. घरच्या रस्त्याला तोंड करून उभी राहिली, मग पदर हातांवर ओढला, मग पुन्हा मागे सारला.

समोरून रिक्षा आली. वसुधाने हात वर केला. मनगटावरचा सारा चुडा खळखळत खाली कोपराकडे सरकला आणि भर चौकात, भर उन्हात, साऱ्या शहरादेखत लखलखला. रिक्षा थांबली. पण वसुधाने हात खाली घेतला नाही. ती तशीच उभी राहिली, हात उंच, हात भरला, हात हिरवा, हिरवा, हिरवा.