काचेसमोरची रिकामी खाट

मित्रांनो, माझं फाटकं रेक्झिन बघून नाक मुरडू नका. मी बायकांच्या बास्केटबॉल संघाची मालिशची खाट आहे. जुनी आहे, पण कुरकुरत नाही. सुताराने मला जाड लाकडातून घडवलं. पहिली खेळाडू माझ्यावर आडवी झाली, तर तिच्या पोटऱ्या बाहेर लोंबायला लागल्या. "ही बाई आहे की शिडी?" असं पुटपुटत सुताराने मला आणखी एक फळी जोडली. एवढी लांब खाट दुसऱ्या कुठल्या संघाकडे नाही. हे माझं मलाच सांगावं लागतं, दुसरं कोण सांगणार?

खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीला लागून माझी खोली होती. तिथे तेलाचा वास, कोपऱ्यात बर्फाची पेटी आणि मालिश करणारी मावशी. तेव्हाचे प्रशिक्षक म्हणजे सर. त्यांची एक रीत होती. दुखो वा न दुखो, सरावाआधी प्रत्येकीने माझ्यावर झोपायचंच. मावशी पाय चाचपून सांगायची आणि त्यावरून सर ठरवायचे, कुणाला किती खेळवायचं.

"तू आज अर्धाच वेळ खेळायचं. आणि तोंड पाडू नकोस, बाकावर बसलेलीलाही टाळ्या वाजवायला हात आहेत," ते म्हणायचे.

मुली धुसफुसायच्या. पण सामना संपत आला, की समोरच्या संघाच्या जिभा बाहेर यायच्या आणि आमच्या मुली वाऱ्यासारख्या पळायच्या. करंडकांनी कपाट भरलं. फोटोत सगळे आले, माझा कुणी काढला नाही. काढतो म्हणाले असते तरी मी जागची हलले नसते म्हणा.

मग नवे व्यवस्थापक आले, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. पहिल्याच हंगामात त्यांनी सरांना घरी पाठवलं, का तर सर आघाडीच्या मुलींना बाकावर बसवतात आणि प्रेक्षक नाराज होतात. मग माझ्या खोलीची भिंत पाडून तिथे काच लावली. समोरच्या कचेरीतल्या साहेबांच्या खुर्चीतून मी थेट दिसू लागले. नव्या प्रशिक्षकांच्या देखत त्यांनी मुलींना बजावलं, "जी सारखी खाटेवर दिसेल, तिच्याशी पुढच्या वर्षी करार कशाला करायचा?" प्रशिक्षकांनी मान डोलावली. त्यांना स्वतःची खुर्ची सांभाळायची होती.

त्या दिवसापासून मी ओस पडले. मुली न्हाणीघरात दार लावून पट्ट्या बांधायच्या आणि बाहेर येताना हसायच्या. साहेब पाहुण्यांना काचेतून दाखवायचे, "बघा, खाट रिकामी! माझ्या संघात एकही दुखणाईत नाही." भिंतीएवढ्या काचेतून बघायचे, पण उपयोग काय?

कर्णधाराला सगळ्या ताई म्हणत. तिच्या टाचेमागची शीर सुजली होती. अंतिम सामन्याआधी ती दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"ये, झोप. सूज मला इथून दिसतेय," मावशी म्हणाली.

"हळू बोल गं. समोर साहेब बसलेत."

"बसू देत की. ते बघतात म्हणून सूज उतरणार आहे का?"

"मावशी, करार गेला तर माझ्या लेकीला घेऊन कुठे जाऊ? पट्टी दे, तिकडेच बांधते."

मावशीने पट्टी दिली आणि तडक प्रशिक्षकांना गाठलं. "ताईला आज खेळवू नका. शीर टिकायची नाही."

प्रशिक्षकांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. "ती खाटेवर झोपली होती का?"

"नाही, पण..."

"मग झालं तर."

मित्रांनो, माझ्या रिकामेपणाची त्यांनी साक्ष काढली. एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता.

सामन्याचा गलबला भिंतींतून येत होता. मधेच तो थांबला. मग ताईला उचलून आणलं आणि माझ्यावर ठेवलं. शीर तुटली होती. ती रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "मावशी, काचेला पडदा आहे का गं?"

पडदा नव्हता. मावशीने चादर ओढली आणि दोन्ही हात पसरून ती काचेसमोर धरून उभी राहिली. डॉक्टर येईपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.

ताई पुन्हा खेळली नाही. तिचा करारही झाला नाही. संघ तो सामना हरला, पुढचा हंगामही हरला. साहेबांनी प्रशिक्षक बदलला आणि नशिबाला दोष दिला. काच मात्र तशीच आहे, रोज पुसतात.

तुमच्यातलं कुणी उद्या संघ चालवील, कुणी कारखाना, कुणी घर. दुखतंय म्हणणाऱ्याला आधी टेकायला जागा द्या, मग त्याच्या कामाचं बोला. भीतीने गप्प बसलेल्या माणसाला ठणठणीत समजू नका.

काल एक नवी मुलगी लंगडत माझ्या दाराकडे येत होती. काच दिसताच तिने पाय सरळ टाकला, मान ताठ केली आणि पुढे निघून गेली. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते.